फणसावरचा तो फणसांबा

फणस हे काही वाघोलीचं झाड नव्हे. नगर रस्त्याची ही बाजू पावसाला पारखी. इथली झाडं म्हणजे बाभूळ, कडुलिंब, चिंच आणि अलीकडे माजलेली सुबाभूळ. पण २०२१च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आलेल्या या गावात माणसं मात्र साऱ्या मुलखाची आहेत, आणि कोकणातून आलेल्या एखाद्या घरात वेखंड-मुरुडशेंगेच्या डब्यात अजूनही एक तपकिरी ढलपा असतो. कुणी त्याला फणसांबा म्हणतं, कुणी फणसआळंबं. हातात घेतला तर लाकडाचाच तुकडा वाटावा. वरची बाजू काळपट, तडकलेली, एकाबाहेर एक कडी उमटलेली. खालची बाजू गंजाच्या रंगाची, बोट फिरवलं की मऊ लागणारी. पोराला सारखी लाळ सुटली, तोंड आलं, की सहाणेवर पाण्यात चार वेढे उगाळायचा आणि हिरड्यांना लावायचा. ‘हा फणसांबाच कशावरून?’ असं विचारलं तर उत्तर एकच: फणसावरचा आहे म्हणून.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस या उत्तराला हसतो. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. खोडातून फळीसारखी बाहेर येणारी ही ब्रॅकेट बुरशी ओळखायची सगळ्यांत जुनी रीत हीच आहे: आधी झाड विचारायचं. ही रीत शास्त्रानं टाकली, मग थोडी उचलली, पुन्हा टाकली, आणि हल्ली परत जवळ केली आहे.

जुन्यात जुना धागा लागतो तो सूचिपर्णी झाडांपाशी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कॉरिडीज आपल्या औषधग्रंथाच्या तिसऱ्या भागाची सुरुवातच ‘अगारिकॉन’नं करतो. ही वस्तू सार्मेशियातल्या अगारिया मुलखातून येते, कुणी तिला मूळ समजतात, कुणी म्हणतात की ती कुजणाऱ्या झाडांवर येते, सिलिशियात ती देवदाराच्या जातीच्या झाडांवर मिळते, असं तो नोंदवतो. शिवाय तिच्यात नर आणि मादी असतात, हेही. म्हणजे ही वनस्पतीचा कोणता भाग आहे याचाच पत्ता नाही, पण कुठल्या मुलखातल्या कशावर मिळते हे ठाऊक आहे. आज हे अगारिकॉन म्हणजे लार्चच्या जुन्या झाडांवर वाढणारी लॅरिसिफोमेस ऑफिसिनॅलिस ही बुरशी, असं मानतात. पांढरी, खडूसारखी भुसभुशीत, कडूजहर. दरवर्षी तिच्या खालच्या अंगाला नवा थर चढतो, आणि खोड उभं राहिलं तर ती पन्नास-पन्नास वर्षं वाढत खांबासारखी लांबट होते. अर्थात त्यासाठी झाड तेवढं जुनं असावं लागतं. जिथे जंगल वयात येण्याआधीच तोडलं जातं, तिथे ही बुरशी दिसत नाही.

अरबीत तिचं ग़ारीकून झालं. इब्न सीनापासून पुढच्या हकिमांनी ती उचलली, आणि युनानी औषधांबरोबर ती हिंदुस्थानच्या बाजारात आली. मुंबईच्या ज्या बाजारात आपला फणसांबा विकला जाई, त्याच बाजारात दूरच्या थंड जंगलातल्या लार्चवरची ही पांढरी बुरशीही मिळत असे. दोघींची गाठ एका पुस्तकात पडते, त्याकडे येतोच. त्याआधी एक आडवळण.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्लिंगिट, हायडा, सिम्शियान या लोकांच्या मांत्रिकांच्या थडग्यांवर कोरीव आकृत्या ठेवलेल्या असत. एकोणिसाव्या शतकात त्या गोळा होऊन संग्रहालयांत गेल्या, आणि लाकडी कोरीवकाम म्हणून त्यांची नोंद झाली. १९९२ साली ब्लँचेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या काही सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. ते लाकूड नव्हतंच. ती हीच बुरशी होती, जुन्या सूचिपर्णी झाडांवरून उतरवून कोरलेली. कोरणाऱ्याला आपण काय कोरतोय हे पुरतं माहीत होतं. झाडापासून तोडून काचेच्या कपाटात ठेवल्यावर मात्र जाणत्यांनाही ते कळेनासं झालं. ब्रॅकेट बुरशीची ही अडचण कायमची आहे: झाडावरून उतरवली की तिची निम्मी ओळख मागे राहते.

आणि शास्त्राचा सगळा कारभार तर उतरवलेल्या नमुन्यांवरच चाले. लिनियसनं १७५३ साली बुरशांची विभागणी करताना टोपीची खालची बाजू तेवढी पाहिली. पापुद्रे असले तर अगॅरिकस, छिद्रं असली तर बोलेटस. यात झालं असं, की लार्चवरच्या छिद्रवाल्या बुरशीचं जुनं नाव पापुद्रेवाल्या भूछत्रांना गेलं, आणि आज बाजारात प्लास्टिकच्या डबीत मिळणारं पांढरं बटण मशरूम अगॅरिकस म्हणून मिरवतं. स्वीडनच्या एलियास फ्राइसनं १८२१पासून हीच पद्धत पक्की केली. छिद्रवाल्या जवळजवळ सगळ्यांना त्यानं पॉलिपोरसच्या एका मोठ्या पोत्यात भरलं. फ्राइसची नजर तयार होती, पण त्याची भिस्त डोळ्यांना दिसेल तेवढ्यावर होती. झाडाचा उल्लेख वर्णनाच्या शेवटी, ‘अमक्याच्या खोडावर’ असा एका ओळीत उरला.

आता त्या पुस्तकाकडे. विल्यम डायमॉक हा मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा प्रमुख. वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर त्यानं ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ लिहिला. तीन खंड, शेवटचा १८९३चा. बाजारात विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक काडीमुळीची त्यानं नोंद घेतली, तीही देशी नावासकट. लार्चवरचं ग़ारीकून त्यात आहे आणि फणसआळंबंही आहे. फणसआळंब्याचा वापर त्यानं अगदी आपल्या आज्या सांगतात तसाच दिला आहे: पाण्यात वाटून हिरड्यांना, लाळ फार सुटत असेल तर, पोरांच्या तोंड येण्यावर, आणि पोटात, हगवणीवर. पण शास्त्रीय नाव दिलं ते अगॅरिकस ऑस्ट्रिएटस. म्हणजे धिंगरी! आता ज्यानं धिंगरीची भाजी निवडली आहे आणि फणसांबाही सहाणेवर घासला आहे, त्याला या दोहोंत गल्लत करता येणार नाही. एक मऊ, पांढुरकी, पापुद्र्यांची, दोन दिवसांत पाणी सुटून लिबलिबणारी. दुसरा वर्षानुवर्षं टिकणारा, सुरीला दाद न देणारा. गंमत अशी, की डायमॉकच्या नोंदीतली देशी नाव आणि वापर ही दोन्ही टोकं बरोबर आहेत. चूक फक्त मधल्या लॅटिनात आहे. पण कोशकार एकमेकांचं लॅटिनच उतरवून घेतात, त्यामुळे धिंगरी पुढे चालत राहिली.

दरम्यान दुसऱ्या वाटेनं झाड परत येत होतं, यजमान म्हणून नव्हे तर रोगी म्हणून. जर्मनीत रॉबर्ट हार्टिगनं १८७०च्या दशकात पाइनसारख्या झाडांची कुजकी लाकडं कापून दाखवून दिलं, की खोडाबाहेर दिसणारी फळी आणि आतली कुज ही एकाच जिवाची कामं आहेत. तोवर बरेच जण उलटं समजत: आधी लाकूड सडतं, मग त्यातून बुरशी उपजते. हार्टिगनंतर प्रश्न बदलला. कोणती बुरशी, कोणत्या लाकडात, कोणता भाग खाते? काही बुरशा लाकडातला लिग्निन हा चिवट घटकही फस्त करतात, मग मागे पांढरट, तंतुमय चोथा उरतो. काही लिग्निन जवळपास तसाच ठेवून बाकीचं खातात, मग लाकूड तपकिरी पडून चौकोनी ढेपांत तडकतं. सूचिपर्णी लाकडावर या दुसऱ्या प्रकारच्या बुरशांचा भरणा अधिक.

हिंदुस्थानात या प्रश्नाला पैशाची धार आली ती रेल्वेमुळे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि त्यानंतर देशभर लाकडी स्लीपर अंथरले गेले. साग-साल महाग, म्हणून उत्तरेत देवदार, चीड. हे लाकूड किती वर्षं टिकेल, ते कोण खातं, हे कळणं सरकारच्या गरजेचं झालं. १९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था निघाली. तिथे बागची आणि पुढे बी. के. बक्षी यांनी जन्मभर झाडं आणि लाकडं कुजवणाऱ्या बुरशांचाच अभ्यास केला. बक्षींचा ‘इंडियन पॉलिपोरेसी’ हा ग्रंथ १९७१चा. त्याच्या पूर्ण नावातच झाडांवरच्या आणि इमारती लाकडावरच्या, असा खुलासा आहे. कलकत्त्याला सहायराम बोस यांनी त्याआधीच बंगालच्या पॉलिपोरांवर काम उभं केलं होतं.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. इथे बुरशीशास्त्र आलं ते शेतीच्या दारानं, कृषी महाविद्यालयातून. तिथले प्राध्यापक एस. एल. आजरेकर आणि त्यांच्या परंपरेतले एम. एन. कामत यांचं बरंचसं लक्ष पिकांवरच्या रोगांकडे, तांबेरा-काणीकडे. खोडावरच्या फळ्यांना कोण विचारतो! १९४६ साली मूळचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. आज तीच लॉ कॉलेज रस्त्याजवळची आघारकर संशोधन संस्था. आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह तिथे आहे, आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय साठाही तिथेच. अशा संग्रहात नमुना असतो घडी घातलेल्या कागदी पाकिटात. पाकिटावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याची सही, आणि एक रकाना झाडाचा. लॅटिन नाव दर पिढीला खोडलं जातं आणि नव्यानं लिहिलं जातं. झाडाचा रकाना सहसा कुणी खोडत नाही.

फणसांब्याला त्याचं लॅटिन मिळालं ते पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात. जे. जी. वैद्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या लाकूडखाऊ बुरशा वर्षानुवर्षं गोळा केल्या. १९९३ साली वैद्य आणि राब्बा यांनी ‘मायकॉलॉजिस्ट’मध्ये लोकऔषधांतल्या बुरशींवर लिहिलं. धिंगरी रद्द झाली, आणि फणसांबा हा फेलिनस या प्रजातीतला ठरला. डायमॉकच्या शेवटच्या खंडानंतर बरोबर शंभर वर्षांनी. पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. वैद्य आणि लामरूड यांच्या पुढच्या कामातून दिसलं, की फणसांबा या एका नावाखाली फेलिनसच्या एकाहून अधिक जाती नांदताहेत. २०११ साली महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातल्या अशा बुरशांची यादी किरण रणदिवे, वैद्य आणि मंडळींनी छापली, त्यात हा पसारा नजरेत भरतो.

आता वाघोलीत या. इथे फेलिनस पाहायला फणस लागत नाही, बाभूळ पुरते. केसनंदच्या बाजूला अजून शिल्लक असलेल्या बांधांवर म्हाताऱ्या बाभळी आहेत. त्यांच्या खोडावर, फांदी तुटल्याच्या जुन्या जखमेपाशी, घोड्याच्या खुरासारखा काळा उंचवटा दिसतो. जवळ जा. वरचा भाग आडवा-उभा तडकलेला, त्यात धूळ आणि शेवाळ. कडेला मात्र बोटभर रुंदीची पट्टी तपकिरी, मखमली. तीच या वर्षीची वाढ. खालची बाजू नुसत्या डोळ्यांना सपाट वाटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा, मग छिद्रं दिसतात, मिलिमीटरभर अंतरात पाच-सहा. करवतीनं उभा छेद घेतला तर आत नळ्यांचे थर एकाखाली एक. पुस्तकं सांगतात की थर मोजून वय काढता येतं, पण आपल्याकडचा पाऊस कधी दोनदा येतो, कधी येतच नाही, तेव्हा त्या हिशेबावर फार विसंबू नये.

मग आतल्या गंजरंगी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. बघता बघता तिथे शाई सांडल्यासारखा काळा डाग पडतो. फेलिनसच्या सगळ्या गोतावळ्याची ही खूण. पण ती एकटीच पुरेशी नाही. गुलमोहराच्या बुंध्याशी येणाऱ्या गॅनोडर्माचा तपकिरी गरही क्षारानं काळवंडतो. तिथे फरक कळतो तो बीजाणूंनी. गॅनोडर्माचे बीजाणू दुहेरी भिंतीचे, एक टोक कापल्यासारखे, आणि इतके भरमसाट की आजूबाजूच्या पानांवर कोकोची पूड भुरभुरल्यासारखी दिसते. फेलिनसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रांच्या भिंतींतून तपकिरी काटे डोकावतात का ते पाहायचं. काही जातींत असतात, काहींत मुळीच नसतात. याखेरीज धागे किती प्रकारचे, हाही प्रश्न. ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ साली सिंगापुरात बसून दाखवलं, की या कडक बुरशांत वाढणारे, ताठ राहणारे आणि बांधून ठेवणारे असे वेगवेगळे धागे असतात. त्याआधी शे-दीडशे वर्षं माणसं नुसता रंग-आकार बघत होती.

एवढं सगळं करूनही शेवटी किल्लीत, म्हणजे जात ओळखायच्या प्रश्नमालिकेत, प्रश्न येतोच: कोणत्या झाडावर? बाभूळ-खैरावरची फेलिनस बॅडियस ओळखताना झाड बघितल्यावाचून पुढे जाता येत नाही. फणसाची आजी आणि विद्यापीठाची किल्ली इथे एका वाटेला लागतात.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. चीन, कोरिया, जपानमध्ये तुतीवरच्या पिवळ्या बुरशीला फार जुना औषधी मान आहे. तिचं चिनी नाव सांगह्वांग, त्यातही तुती आहेच. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी तिला फेलिनस लिंटियस ठरवलं, आणि त्या नावानं तिचं उदंड संशोधन छापलं, गोळ्या-पावडरी विकल्या. पण लिंटियसचा मूळ नमुना होता मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचा! २०१२ साली शेंग-हुआ वू आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तुतीवरची खरी सांगह्वांग ही निराळीच जात आहे आणि ती तुतीवरच येते. तिला नवं नाव मिळालं, पुढे वेगळी प्रजातीही. तुतीवरचीच घ्या म्हणणारे जुने वैद्य खरे ठरले. त्यांना बीजाणू माहीत नव्हते, पण झाड माहीत होतं.

सूचिपर्णींतही तेच. हार्टिगच्या काळापासून पाइनचा गाभा पोखरणारी म्हणून कुख्यात असलेली फेलिनस पिनाय जगभर एकच समजली जाई. आज ती पोरोडिडेलिया झाली आहे आणि तिचे तुकडे पडले आहेत. पाइनवरची वेगळी, स्प्रूसवरची वेगळी, लार्चवरची वेगळी. फेलिनस हे नावच आता ओस पडत चाललं आहे. बॅडियसलाही काही जण फुल्विफोमेस म्हणतात. २०१२ साली बुरशांसाठी डीएनएचा एक ठरावीक तुकडा ओळखपट्टी म्हणून मान्य झाल्यापासून ही फोडाफोड वेगानं चालू आहे. आमच्यासारख्या हौशी माणसांनी नावांच्या मागे किती धावायचं? मी तरी बाभूळ आणि फेलिनस एवढं लिहून थांबतो.

मात्र फणसांब्याच्या बाबतीत तुतीसारखा सुखान्त नाही, हे सांगायला हवं. एका झाडावर दोन-तीन जाती येतात आणि त्यांतली एखादी दुसऱ्याच झाडावरही येते. बाजारातला ढलपा फणसाचा की आणखी कशाचा, हे विकणाऱ्याच्या शब्दावर. झाड सांगतं ते खरं असतं, पण पुरेसं नसतं. तोंडात घालायच्या वस्तूला तर मुळीच नाही.

आणि झाडच कळत नसेल तर? महाराष्ट्राच्या सह्याद्रीत स्वतःचा असा सूचिपर्णी वृक्ष नाही. घाटाच्या दक्षिण टोकाकडे एक नागेया वॉलिचियाना आहे, तेवढाच. पण वाघोलीत आज सूचिपर्णी लाकूड हवं तेवढं आहे. नगर रस्त्यालगतच्या गोदामांच्या मागे पाइनच्या पॅलेटांच्या थप्प्या पावसात भिजत पडलेल्या असतात. मोडक्या फळ्यांच्या कडेला ऑगस्टमध्ये शिझोफायलमच्या नखाएवढ्या पांढऱ्या लोकरी पंख्यांची रांग लागते. तिचे खालचे पापुद्रे मधोमध उभे चिरलेले असतात. उन्हात त्या चिरा वळून मिटतात आणि पाणी मिळालं की उघडतात. ही कुठल्याही लाकडावर येते, तिला झाडाचं सोयरसुतक नाही. पाहण्यासारखी आहे ती ग्लिओफायलम: गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची, पॉलिपोरांच्या नात्यातली असूनही खाली पापुद्रे बाळगणारी, सूचिपर्णी लाकडाची खास शौकीन. जिथे ती लागते तिथे फळी चौकोनी ढेपांत तडकते.

अशा पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला एक शिक्का डागलेला असतो. त्यात देशाची दोन अक्षरं, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. २००२ साली ठरलेला हा आंतरराष्ट्रीय नियम, लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. किड्यांना ती ऊब सोसत नाही. पण बुरशांचं तसं नाही, आणि ग्लिओफायलम तर उष्णता सोसण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. म्हणजे न्यूझीलंडच्या पाइनवर वाघोलीत उगवलेली ग्लिओफायलम ही इथल्या हवेतल्या बीजाणूंतून आली की लाकडातच बसून समुद्र ओलांडून आली, हे नुसतं पाहून सांगता येणार नाही. पाकिटावर झाडाच्या रकान्यात पाइन, ठिकाणाच्या रकान्यात वाघोली, हे दोन्ही खरं लिहूनही मूळगाव कळत नाही ते नाहीच.

म्हणून अशी बुरशी गोळा करणाऱ्यानं फळीचा तुकडा कापताना शिक्क्याचा फोटो घ्यावा, देशाची अक्षरं आणि क्रमांक पाकिटावर झाडाच्या नावापुढे लिहावा, आणि पॅलेट किती पावसाळे उघड्यावर आहे ते गोदामाच्या वॉचमनला विचारून तेही टिपून ठेवावं. त्याला ते नक्की माहीत असतं.